बारा फुटी जहाज दाराबाहेर कसे काढावे?

श्रीपाळ राजाची कथा आपल्या घरांतून पिढ्यान्‌पिढ्या सांगितली जाते. त्या कथेत धवल शेठची पाचशे जहाजे भृगुकच्छाच्या बंदरात अडकून पडतात आणि श्रीपाळाच्या हातून ती हलतात. कथेतील पुण्यप्रभाव तर आपण मनी धरतोच; पण व्यापारी कुळातील श्रोत्याला आणखी एक गोष्ट चटकन उमगते. तयार माल जागेवरून हलत नाही, यासारखे दुःख नाही.

या महिन्यात आमच्याकडे आलेल्या एका पत्रातील जहाज अद्याप बांधलेलेही नाही. तरी ते अडकण्याची लक्षणे आताच दिसतात. पत्र लिहिणारे गृहस्थ कापडाच्या घाऊक व्यापारात आहेत. त्यांचा मुलगा अभियांत्रिकीच्या तिसऱ्या वर्षाला आहे. त्याने मनावर घेतले आहे की ‘टायटॅनिक’ या प्रसिद्ध जहाजाची बारा फूट लांबीची प्रतिकृती दुकानामागच्या गोदामात बांधायची, ती रेडिओच्या साहाय्याने काठावरून चालवायची आणि सुटीच्या दिवशी चुलतभावंडांसह गावाबाहेरच्या तलावात सोडायची. वडील विचारतात : एवढे मोठे कशासाठी? ते तलावापर्यंत न्यायचे कसे? आणि श्रावकाच्या घरात हे शोभते का? पत्राच्या खाली मुलाच्या आईने वेगळ्या शाईने एकच ओळ जोडली आहे : ‘आणि नंतर हे ठेवायचे कोठे?’

प्रश्न चार आहेत आणि चारही खरे आहेत. क्रमाने पाहू.

मोठे कशासाठी?

बिनतारी संदेशाने बोट चालवणे ही कल्पना नवी नाही. निकोला टेस्ला यांनी १८९८ साली न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमधील विद्युत प्रदर्शनात पाण्याच्या टाकीत एक छोटी बोट कोणत्याही तारेवाचून वळवून दाखवली आणि त्याच वर्षी तिचे पेटंट घेतले. आज घरोघरी असलेल्या खेळण्यांचा आणि कितीतरी गंभीर यंत्रांचा उगम त्या टाकीपर्यंत पोहोचतो.

प्रतिकृती किती मोठी असावी, हा विचार त्याहूनही जुना आहे. विल्यम फ्रूड या इंग्रज अभियंत्याने १८६७ साली डार्ट नदीवर दोन आकारांच्या नौकांची तुलना केली. एका आकाराचे नाव ‘हंस’, दुसऱ्याचे ‘डोमकावळा’. प्रत्येक आकार त्याने तीन, सहा आणि बारा फूट अशा तीन लांबींत बनवला आणि वाफेच्या बोटीने ओढून पाहिला. लहान नौकेवरून मोठ्या नौकेचे वर्तन सांगता येते का, हे त्याला ताडून पाहायचे होते. दोन निष्कर्ष निघाले. पहिला असा की, कमी वेगाला एक आकार सरस ठरतो, तर जास्त वेगाला दुसरा. ‘हाच आकार उत्तम’ असे निरपेक्ष विधान करता येत नाही. अनेकान्ताचे संस्कार असलेल्या वाचकाला यात नवल वाटणार नाही. दुसरा निष्कर्ष असा की, लांबी बदलली की योग्य वेग लांबीच्या वर्गमुळाच्या प्रमाणात बदलतो. पुढे १८७२ मध्ये त्याने टॉर्की येथे खास चाचणी-तलाव बांधला आणि पॅराफिन मेणाच्या प्रतिकृती ओढून जहाजांचे आराखडे तपासण्याची पद्धत रूढ केली. जगभर आजही मोठी जहाजे बांधण्याआधी त्याच तत्त्वावर प्रतिकृती तपासल्या जातात.

आता आपल्या तरुण मित्राचे जहाज घेऊ. खरे टायटॅनिक ८८२ फूट ९ इंच लांब होते. बारा फुटी प्रतिकृती म्हणजे मूळच्या सुमारे चौऱ्याहत्तराव्या हिश्शाची. मूळ जहाजाचा नेहमीचा वेग ताशी २१ सागरी मैल. वर्गमुळाच्या नियमाने प्रतिकृतीचा वेग ताशी अडीच सागरी मैलांहून थोडा कमी, म्हणजे सुमारे साडेचार किलोमीटर येतो. माणूस झपझप चालतो तो हा वेग. यापेक्षा वेगाने पळवले तर ते जहाज दिसत नाही, खेळणे दिसते.

मोठे बांधण्याचे खरे कारण मात्र पाण्यात आहे. जहाज लहान करता येते, पण तलावातील लाट त्या प्रमाणात लहान करता येत नाही. वाऱ्याने उठलेली पाच सेंटिमीटरची लाट बारा फुटी प्रतिकृतीला मूळ जहाजासमोरील पावणेचार मीटरच्या लाटेसारखी असते. ती डौलाने कापता येते. तीच लाट तीन फुटी प्रतिकृतीला सुमारे पंधरा मीटरचा डोंगर होते आणि जहाज बुचासारखे हेलकावते. म्हणून ज्याला पाण्यावर जहाजाची खरी चाल पाहायची आहे तो मोठ्या आकाराकडे वळतो. इंग्लंडमधील स्कार्बरो गावच्या पीझम पार्कमध्ये १९२७ पासून उन्हाळ्यात नौकायुद्धाचा खेळ होतो. तेथील प्रतिकृती इतक्या मोठ्या की काहींच्या पोटात माणूस बसून त्या हाकतो. फ्रान्समध्ये ग्रनोबलजवळ पोर्ट रेव्हेल येथे तर पंचविसाव्या हिश्शाच्या प्रतिकृतींत खरे कप्तान बसतात आणि महाकाय जहाजे वळवण्याचे शिक्षण घेतात. तेव्हा मुलाची हौस अगदीच बालिश आहे असे समजू नये. तिच्यामागे गणित आहे.

वजनाचा हिशेब

ते गणितच पुढे आडवे येते. वजन लांबीच्या नव्हे, लांबीच्या घनाच्या प्रमाणात वाढते. लांबी दुप्पट केली की वजन आठपट. टायटॅनिकचे एकूण वजन सुमारे ५२,००० टन होते. त्यावरून फ्रूडच्याच तीन लांबींचा हिशेब मांडला तर तीन फुटी प्रतिकृती पाण्यात योग्य खोलीवर बसण्यासाठी सुमारे २ किलोची हवी, सहा फुटी सुमारे १७ किलोची आणि बारा फुटी सुमारे १३३ किलोची. पहिली नातू काखेत मारून नेईल, दुसरी बाप उचलेल, तिसरीला सहा हमाल लागतील.

बांधणाऱ्याच्या मनात नेहमी लांबी असते. वजन त्याला तलावाच्या काठावर भेटते. उधारीच्या धंद्यासारखेच हे आहे. विक्री दुप्पट झाल्याचा आनंद पहिल्या दिवशी होतो, अडकलेल्या भांडवलाचा आकडा नंतर कळतो.

सुदैवाने या १३३ किलोंपैकी सर्व वजन जहाजाच्या अंगाचे नसते. लाकूड, फायबरग्लास आणि यंत्रे मिळून त्याचा लहान भाग होतो. बाकीचा भार तळात मुद्दाम ठेवावा लागतो; नाहीतर जहाज पाण्यावर उंच तरंगते आणि जराशा वाऱ्याने कलंडते. या भाराला जुना मराठी शब्द नीरम. नीरम काढता-घालता येईल असे ठेवणे, ही मोठ्या प्रतिकृतीच्या वाहतुकीची पहिली किल्ली आहे. जहाज रिकामे न्यावे आणि काठावर भरावे.

नीरमासाठी पुष्कळ जण शिशाचे छर्रे वापरतात. शिसे विषारी आहे. त्याची धूळ हाताला लागते आणि छर्रे पाण्यात सांडले तर परत मिळत नाहीत. त्याऐवजी आपल्या दुकानांच्या माळ्यांवर पडलेली तराजूची जुनी लोखंडी वजने पाहावीत. इलेक्ट्रॉनिक काटे आल्यापासून ती निरुपयोगी झाली आहेत. प्रत्येकावर वजन कोरलेलेच असल्याने हिशेबही सोपा. फक्त ती पट्ट्यांनी तळाला घट्ट बांधावीत, कारण सरकलेले नीरम बुडालेल्या जहाजाइतकेच घातक असते. पाण्याचे डबे वापरायचे तर ते काठोकाठ भरलेले असावेत. अर्धवट डब्यातील पाणी जहाज कलेल त्या बाजूला धावते आणि कल आणखी वाढवते.

बांधणी

बांधणीची जुनी रीत आजही टिकून आहे. तळाचा एक कणा, त्यावर ठरावीक अंतराने उभ्या केलेल्या प्लायवूडच्या फासळ्या आणि त्यांवरून लाकडाच्या अरुंद पट्ट्या. त्यावर बाहेरून फायबरग्लासचे कापड आणि रेझिन चढवले की कवच जलरोधक होते. वरचे मजले, धुराडी, नावा शक्य तितक्या हलक्या साहित्याच्या कराव्यात. वर हलके आणि खाली जड हा तोल साधला तरच जहाज सरळ राहते. आत मोटर, तिचा वेग नियंत्रित करणारे उपकरण, सुकाणू फिरवणारा सर्व्हो आणि संदेश घेणारा रिसीव्हर एवढीच यंत्रणा असते. पंख्याचा दांडा ज्या नळीतून बाहेर पडतो ती ग्रीसने भरावी लागते. पाणी आत शिरण्याची ती सर्वांत नेहमीची वाट. रिसीव्हरची तार पाण्याच्या पातळीच्या वर ठेवावी, कारण २.४ गिगाहर्ट्झच्या लहरी पाण्यात फारशा शिरत नाहीत. संदेश तुटला तर मोटर आपोआप बंद व्हावी, अशी सोय रिसीव्हरमध्ये असते. ती घरीच तपासून घ्यावी.

साहित्य घेताना आपल्या घरांना दोन-तीन गोष्टी ठाऊक असाव्यात. सुतारकामातील जुना सरस प्राण्यांच्या कातड्या-हाडांपासून होतो. त्याऐवजी कृत्रिम पांढरा गोंद किंवा इपॉक्सी वापरावे, पाण्यासाठी तेच अधिक टिकाऊही आहे. फ्रेंच पॉलिशमधील चपडालाख किड्यांपासून मिळते. काही ब्रश डुकराच्या केसांचे असतात. कृत्रिम तंतूंचे सहज मिळतात. दुकानदाराला विचारले तर यातील काहीच अडत नाही.

आता एक गोष्ट स्पष्टपणे सांगितली पाहिजे. हे काम कापडाच्या गोदामात करू नये. रेझिन आणि त्यातील घट्ट करणारे द्रव्य मिसळल्यावर उष्णता निर्माण होते. मोठ्या भांड्यात एकदम मिसळले तर ते धुमसू लागते. थिनर ज्वालाग्राही आहे. लिथियम बॅटऱ्या मार खाल्ल्यावर किंवा चुकीच्या चार्जरने पेट घेऊ शकतात आणि ती आग सहज विझत नाही. गठ्ठ्यांच्या शेजारी रात्रभर चार्जर लावून ठेवणे म्हणजे तीन पिढ्यांची पुंजी एका तारेवर टांगणे होय. मुलाला मोकळी, हवेशीर, वेगळी जागा द्यावी : गच्चीवरील शेड असो, शेतावरील खोली असो. रेझिनच्या वाफांसाठी योग्य मुखपट्टी, हातमोजे आणि वाळूची बादली आधी यावी, लाकूड नंतर.

जहाज पाण्यात नीट बसते की नाही, हे तलावावर जाण्याआधी कळले पाहिजे. बारा फुटांसाठी घरातील टब कामाचा नाही. फळ्यांची चौकट करून त्यात जाड ताडपत्री अंथरली की तात्पुरता हौद होतो. या जहाजाला बुडण्यासाठी नव्हे, नीट बसण्यासाठी फक्त साडेपाच इंचांच्या आसपास पाणी लागते; त्यामुळे हौद उथळ चालतो. त्यात नीरमाची प्रत्येक वजनाची जागा ठरवून तळावर रंगाने खूण करावी. काठावरचा तासाभराचा गोंधळ त्याने वाचतो.

वाहतूक

आता दुसरा प्रश्न. येथे आमच्या वाचकांना शिकवावे असे थोडेच आहे. काचेची बरणी कोल्हापूरहून नागपूरला न फुटता कशी पाठवावी, हे ज्या घरांना माहीत आहे त्यांना जहाज पाठवणे कठीण नाही. फक्त विचार बांधणीच्या आधी करायचा, नंतर नाही.

पहिले काम मोजमाप. बारा फुटी टायटॅनिकची रुंदी अवघी पंधरा इंच भरते, त्यामुळे दार अडवत नाही. अडवते ते वळण. बोळाचा कोपरा, जिन्याचा मधला कठडा, इमारतीची लिफ्ट, फाटकासमोरचा खांब. कागद-पेन्सिल घेऊन बसण्याआधी बारा फुटांचा एक हलका पाइप घ्यावा आणि तो बांधणीच्या जागेपासून रस्त्यापर्यंत नेऊन पाहावा. पाइप जेथे अडेल तेथे जहाज अडणार. ही परीक्षा फुकट आहे. ती न घेतलेल्या माणसाला पुढे खिडकीचे गज कापावे लागतात.

दुसरे, गाडीचे मोजमाप. ज्याला आपण छोटा हत्ती म्हणतो त्या टेंपोचा हौदा सुमारे सात फूट लांब असतो. बारा फुटी जहाज त्यात ठेवले तर पाच फूट मागे लोंबेल, आणि नेमका पंखा व सुकाणूचा नाजूक भाग लोंबेल. म्हणून सुज्ञ बांधणारे मोठे जहाज दोन तुकड्यांत करतात. सहा-सहा फुटांचे दोन भाग, जोडाच्या ठिकाणी दोन्हीकडे स्वतंत्र भिंत, मध्ये रबराची गादी आणि घट्ट करणारे बोल्ट. प्रत्येक भाग स्वतःपुरता पूर्ण बंद असावा; मग जोडातून पाणी झिरपले तरी ते दोन भिंतींच्या मध्येच राहते, पोटात शिरत नाही. वरचे मजले, धुराडी आणि डोलकाठ्या सुट्या काढून वेगळ्या खोक्यात, कागदाच्या कातरणांत भराव्यात.

तिसरे, पाळणा. जहाज कधीही सपाट जमिनीवर ठेवू नये. त्याच्या पोटाच्या आकाराचे दोन अर्धचंद्र प्लायवूडमधून कापून, त्यांना फोम लावून, खाली चौकट जोडावी. पाळणा नेमका फासळ्यांच्या खाली यावा. दोन फासळ्यांच्या मध्ये आला तर खड्ड्यागणिक कवचाला चीर पडते. पंख्यावर किंवा सुकाणूवर वजन मुळीच येऊ नये. बांधण्यासाठी सुतळी नको, रुंद पट्टे हवेत. तेही जहाज हलणार नाही इतपतच घट्ट. याच पाळण्याला खाली चाके लावली तर काठावरची ओढाताण वाचते.

चौथे, ऊन. बंद गाडीत दुपारी तापमान इतके चढते की प्लास्टिकचे मजले वाकतात. पहाटे निघावे. बॅटऱ्या जहाजातून काढून, टोकांना टोप्या घालून, वेगळ्या पेटीत, माणसांच्या नजरेसमोर न्याव्यात.

पाचवे, माणसे. रिकामे जहाजही एकट्याने उचलू नये. पोटाखालून दोन रुंद पट्टे घालून चार जणांनी उचलावे आणि ‘चला’ म्हणण्याचा अधिकार एकालाच असावा. तलावाच्या उतारावर शेवाळ असते. पादत्राणे पाहून घालावीत. काठावर आल्यावर क्रम ठरलेला असावा : जोडणी, जोडाची तपासणी, जहाज पाण्यात, मग नीरम, मग बॅटरी, मग रिसीव्हर सुरू करून सुकाणूची परीक्षा, आणि सर्वांत शेवटी मोटर. परतताना हाच क्रम उलटा. नीरम आत असताना जहाज पाण्याबाहेर उचलणे ही सर्वांत महागात पडणारी घाई. पाण्याचा आधार सुटताच सगळा भार कवचाच्या जोडांवर येतो.

हुंडेकऱ्याकडे द्यायचे असेल तर उघड्या गठ्ठ्यात देऊ नये. पूर्ण लाकडी खोके, बाहेर ‘वरची बाजू’ची खूण, आणि आत काय आहे याची यादी झाकणाच्या आतून चिकटवलेली असावी.

श्रावकाच्या घरात शोभते का?

तिसरा प्रश्न वडिलांनी संकोचाने विचारला आहे. तो खरे तर पहिला होता.

श्रावकाच्या व्रतांत अनर्थदंडविरमण व्रत आहे. प्रयोजनावाचून होणारी हिंसा टाळावी, हा त्याचा गाभा. उपजीविकेसाठी, संसारासाठी जो आरंभ-समारंभ अटळ आहे त्याची गोष्ट वेगळी. केवळ करमणुकीसाठी पाणी घुसळणे, हा प्रमादचर्येचा विषय होऊ शकतो. पाण्यात फिरणारा पंखा सूक्ष्म जीवांना आणि माशांच्या पिल्लांना इजा करतो. पोहण्याच्या स्वच्छ तलावात मासे नसतील, पण अप्काय जीवांची विराधना तेथेही टळत नाही. हे झाकून ‘हा छंद संपूर्ण निर्दोष आहे’ असे येथे लिहिले तर ते वाचकांशी प्रामाणिक होणार नाही.

दुसऱ्या पारड्यातही काही आहे. एकविशीतील मुलाचे हात रिकामे राहिले तर ते कोठे जातात, हे प्रत्येक आई-बापाला माहीत आहे. मोबाइलच्या पडद्यावर रात्र रात्र चालणाऱ्या लढायांत एकही मासा मरत नाही, हे खरे; पण तेथे मनात जे चालते त्याला अपध्यान म्हणतात आणि तेही त्याच अनर्थदंडात मोजले आहे. दोन वर्षे धीर धरून एक वस्तू बांधणे, मोजणे, बिघडलेले पुन्हा उकलणे, चार भावंडांना बरोबर घेऊन ती सांभाळून नेणे, या शिक्षणाचे मोल आहे. एकत्र कुटुंबे विभक्त होत असताना चुलतभाऊ एका कामाभोवती जमतात, हेही थोडे नाही.

म्हणून आमचे मत असे. छंदावर सरसकट बंदी नको. त्याला मर्यादा असाव्यात, आणि त्या मुलाने स्वतः घातलेल्या असाव्यात. जहाज प्रवासी किंवा मालवाहू असावे. अमेरिकेत युद्धनौकांच्या प्रतिकृती वायूच्या दाबाने पोलादी गोळ्या झाडून एकमेकींना खरोखर बुडवतात. कौशल्य मोठे, पण हिंसेचा सराव आपल्याला नको. इंजिन पेट्रोलचे नको, विजेचे असावे. तेलाचा तवंग पाण्यावर उठणार नाही. पंख्याभोवती जाळी असावी आणि वेग चालण्याइतकाच, जो प्रमाणाच्या नियमानेही योग्य आहे. पिण्याच्या पाण्याचा साठा वर्ज्य. सार्वजनिक तलाव असेल तर त्याच्या व्यवस्थापनाची लेखी परवानगी घ्यावी. चातुर्मासात जहाज पाण्यात सोडू नये. त्या चार महिन्यांत जीवोत्पत्ती अधिक असते, आणि पावसात विजेची उपकरणे तशीही घरीच बरी. वर्षातून किती वेळा सोडायचे याची संख्या आधी ठरवावी. ज्या घरांत बारा व्रते घेतलेली आहेत त्यांनी आपल्या गुरुमहाराजांना विचारूनच पुढे जावे. उत्तर ‘नको’ आले तर काचेच्या पेटीतील प्रतिकृतीही तितकीच सुंदर होते. बांधण्याचे शिक्षण तिच्यातही पूर्ण मिळते.

आणखी एक सुचवावेसे वाटते. टायटॅनिकच का? कच्छमधील मांडवीला रुक्मावती नदीच्या काठावर लाकडी वाहणे आजही बांधली जातात. अशाच वाहणांतून आपल्यापैकी कित्येकांच्या पूर्वजांचा माल अरबस्तान आणि आफ्रिकेच्या किनाऱ्याला गेला. त्या वाहणाची सहा फुटी प्रतिकृती दोघांना सहज उचलता येईल, अखंड राहील, छोट्या हत्तीत मावेल, आणि आजोबांना ती पाहून काही सांगावेसे वाटेल.

ठेवायचे कोठे?

उरला आईचा प्रश्न. चारही प्रश्नांत तो सर्वांत नेमका आहे, कारण तो परिग्रहाचा आहे. मोठ्या वस्तूची मालकी बांधण्याच्या दिवशी संपत नाही. ती रोज जागा मागते. म्हणून लाकूड आणण्यापूर्वी घरात एक करार व्हावा. जहाजाची जागा कोणती, तिची लांबी किती, आणि मुलगा नोकरीनिमित्त परगावी गेला तर त्याचे काय करायचे. शाळेला, विज्ञान केंद्राला किंवा दुसऱ्या हौशी तरुणाला देऊन टाकण्याची तयारी पहिल्याच दिवशी वहीत लिहून ठेवावी. परिग्रहपरिमाण म्हणजे अमुकच रुपये ठेवणे एवढेच नव्हे. आपल्या हौसेला किती फूट जागा द्यायची हे ठरवणेही त्यातच येते. मुलाला जागा सहा फुटांचीच मिळाली तर जहाज सहा फुटांचे बांधावे. वजन आठव्या हिश्शावर येईल आणि आनंद आठव्या हिश्शावर येणार नाही.

जाता जाता टायटॅनिकविषयी एक गोष्ट, जी बांधणाऱ्याला उपयोगी पडेल. त्या जहाजाच्या पोटात सोळा जलरोधक कप्पे होते. पुढचे चार भरले तरी ते तरंगणार होते. १९१२ च्या एप्रिलमध्ये हिमनगाच्या घासणीने त्याहून अधिक कप्पे उघडले. भिंती पुरेशा उंच नव्हत्या, म्हणून एका कप्प्यातील पाणी वरून ओसंडून पुढच्यात गेले. प्रतिकृतीत भिंती थेट डेकपर्यंत न्याव्यात आणि प्रत्येक फेरीनंतर कप्पे उघडून कोरड्या फडक्याने पुसावेत. फडके ओले आले तर छिद्र शोधून बुजवल्याशिवाय पुन्हा पाण्यात जाऊ नये.

उत्तराध्ययन सूत्रात श्रावस्तीला केशी श्रमण आणि गौतम स्वामी यांचा संवाद आहे. त्यातही नावेचाच दाखला येतो : छिद्र असलेली नाव पैलतीराला पोहोचत नाही, निश्छिद्र नाव पोहोचते, शरीर ही नाव, जीव हा नावाडी आणि संसार हा समुद्र. आत झिरपणारे पाणी म्हणजे आस्रव, छिद्र बुजवणे म्हणजे संवर, साचलेले उपसणे म्हणजे निर्जरा, हे आपण पाठशाळेत ऐकलेले असते. हातात ओले फडके घेऊन कप्प्यातील छिद्र शोधणाऱ्या मुलाला ते एकदा सांगून पाहावे. पाठशाळेपेक्षा तेथे ते लवकर समजेल.

जय जिनेंद्र.